वावरातलं खत, विहिरीतलं पाणी



आडात जे असेल तेच पोहऱ्यात येणार, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण आडात ते कुठून आलं, हे फारसं कोणी विचारत नाही. विहिरीचं पाणी मचूळ झालं तर आपण जमिनीला दोष देतो, तलाव हिरवा झाला तर उन्हाला दोष देतो. खरं कारण बहुतेक वेळा विहिरीच्या आणि तलावाच्या वरच्या अंगाला, आपल्याच वावरात, बांधावर, गोठ्यात आणि उघड्या डोंगरावर असतं. वरच्या रानात आपण काय करतो, त्यानं खालचं पाणी कसं बदलतं आणि ते राखायला काय करावं, हे या पत्रिकेत सांगितलं आहे. यात पाण्याचा प्रश्न आहे, तसा आपल्या पैशाचाही आहे. पाण्यात गेलेलं खत आपणच पैसे मोजून आणलेलं असतं.

पाणलोट म्हणजे काय?

पावसाचा थेंब माथ्यावर पडला की उताराच्या वाटेनं ओघळीत येतो, ओघळ ओढ्याला मिळते, ओढा नदीला. एका ओढ्याला जेवढ्या रानाचं पाणी मिळतं, तेवढं रान म्हणजे त्या ओढ्याचा पाणलोट. आपल्या घराचं छप्पर आणि त्याची पन्हाळ, तसंच हे समजा. छपरावर जी घाण असेल ती पन्हाळीतून खाली येणारच.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याचं पाणी दोन अंगांना वाहतं. उत्तरेकडचं पाणी गोदावरीला आणि दक्षिणेकडचं सीना, घोड, भीमा यांना जातं. अकोले तालुक्यात रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या दोन्ही कालव्यांनी संगमनेरपासून श्रीरामपुरापर्यंतचं रान भिजू लागलं. मुळा नदी नेवासे तालुक्यात प्रवरेला मिळते आणि प्रवरा पुढं प्रवरासंगमाला गोदावरीत जाते. तिथून खाली पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी. अकोल्यात पाण्यात पडलेली गोष्ट पैठणपर्यंत जाऊ शकते, एवढं यावरून ध्यानात यावं.

खत पाण्यात जातं ते दोन वाटांनी

पहिली वाट वरून. जोराची सर आली की माती सुटते आणि गढूळ पाणी ओढ्याकडं धावतं. या मातीबरोबर मुख्यतः स्फुरद जातं. सुपर फॉस्फेट किंवा डीएपीमधलं स्फुरद मातीच्या कणाला घट्ट चिकटून बसतं. ते पाण्यात सहज उतरत नाही, पण माती गेली की तिच्या पाठीवर बसून जातं. शेणखताचा कस आणि फवारलेल्या औषधाचा अंशही असाच जातो. वाहून जाते ती वरची, सगळ्यांत कसदार माती, हेही विसरू नये.

दुसरी वाट खालून, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. युरिया ओल्या मातीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनिया होतो आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पीक मुख्यतः हे नायट्रेटच खातं. पण त्याचा स्वभाव चंचल. आपली काळी चिकणमाती अमोनिया आणि पालाश धरून ठेवते, नायट्रेटला मात्र धरत नाही. पाणी जिकडं जाईल तिकडं ते जातं. मुळांनी उचललं तर पिकाचं, नाहीतर मुळांच्या खाली, मुरमात आणि तिथून विहिरीत. आपल्याकडं काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा खडक. या भेगांतूनच आपल्या विहिरींना पाणी येतं. त्याच भेगांतून नायट्रेटही येतं.

पिकाला दिलेल्या नत्रापैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं नत्र पिकाच्या कामी येतं. उरलेल्यातलं काही हवेत उडतं, काही मातीत राहतं आणि काही पाण्यात जातं. किती पाण्यात जाईल, हे पुष्कळसं आपल्या हाती आहे.

एका गोणीचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. युरियाच्या एका गोणीत ४५ किलो युरिया असतो. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळजवळ २१ किलो. नत्राला प्राणवायू जोडला जाऊन नायट्रेट बनतं, म्हणून वजन वाढतं. या २१ किलो नत्राचं सुमारे ९२ किलो नायट्रेट होतं.

पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक आहे. या मापानं ९२ किलो नायट्रेट सुमारे २० लाख लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. २५ फूट व्यासाच्या विहिरीत २५ फूट पाणी उभं असेल, तर ते साडेतीन लाख लिटरच्या आसपास भरतं. म्हणजे एक गोणी पुरती पाण्यात उतरली तर अशा पाच-सहा विहिरींना पुरते. सगळी गोणी कधी पाण्यात जात नाही, हे खरं. पण गोणीचा चौथा हिस्सा गेला तरी जवळजवळ दीड विहीर झाली.

आता ऊस घ्या. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश, अशी शिफारस आहे. सगळं नत्र युरियातून दिलं तर एकरी पावणेआठ गोण्या होतात. शिफारशीचं मापच एवढं मोठं आहे. त्यावर युरिया स्वस्त पडतो म्हणून आणखी दोन-तीन गोण्या फेकल्या, तर त्या उसाच्या उपयोगी पडत नाहीत. त्या विहिरीचा रस्ता धरतात.

जसं रान, तसं पाणी

एकाच नदीच्या खोऱ्यात रानाच्या वापराप्रमाणं पाणी बदलत जातं. वरून खाली येऊ.

डोंगर आणि गायरान: गवत आणि झुडूप असेल तर पावसाचा थेंब आधी पानावर पडतो, मग हळूच जमिनीत मुरतो. ओढ्याला येणारं पाणी नितळ असतं आणि उशिरापर्यंत वाहतं. चराई बेसुमार झाली, झाडोरा तुटला की डोंगराची सालपटं निघतात. मग पाऊस पडला की तासाभरात ओढा तांबडा होऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो.

जिरायत: पारनेर, नगर, पाथर्डी, कर्जत या भागांत पाऊस थोडा, पण येतो तो एकदम. उताराच्या दिशेनं नांगरट आणि पेरणी केली तर प्रत्येक सरी म्हणजे पाण्यासाठी तयार केलेला पाट होतो. रब्बीनंतर मातीत उरलेलं नायट्रेट उन्हाळाभर तिथंच बसतं आणि मृगाच्या पहिल्या पावसात, रानात पीक नसताना, खाली उतरतं. मोकळ्या रानातून खत जास्त जातं, कारण ते उचलायला तिथं मूळच नसतं.

बागायत: कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी हातचं जाईल या भीतीनं आपण वाफा तुडुंब भरतो. कित्येक जण पाणी सोडण्याआधी युरिया फेकतात आणि वरून मोकाट पाणी देतात. युरिया साखरेसारखा विरघळतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत तर तो जसाच्या तसा पाण्याबरोबर निघून जातो. हेच पाणी पुन्हा विहिरीत उतरतं, तेच आपण पुन्हा उपसून रानाला देतो आणि दर फेरीला त्यात क्षार वाढत जातात. संगमनेर भागातल्या विहिरींचे अभ्यास झाले आहेत. त्यांतही वर्षानुवर्षं भरपूर पाणी आणि खत घेतलेल्या बागायती पट्ट्यातल्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त आढळले. प्रवरेच्या कालव्याखाली चिबडलेली आणि मीठ फुटलेली राने आपण पाहतोच. पाण्याचा अतिरेक जमीन आणि विहीर दोन्ही नासवतो.

गोठा आणि गावठाण: दोष एकट्या पिकाच्या खताचा नाही. आपला जिल्हा दुधाचा. दहा टन शेणखतात साधारण ५० किलो नत्र असतं, म्हणजे युरियाच्या दोन गोण्यांहून जास्त. असा ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला उघड्या मुरमावर पावसाळाभर भिजत राहिला, तर त्याचा काळा रस कुठं जातो? गोठा धुतलेलं पाणी, गावची गटारं, विहिरीशेजारी खणलेले शौचखड्डे, यांचीही वाट तीच.

नायट्रेटचं पाणी प्यायलं तर

अशा पाण्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. काचेच्या पेल्यात ते अगदी नितळ दिसतं. म्हणूनच ते फसवं आहे.

सगळ्यांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्या बाळाला असतो. पावडरीचं दूध अशा पाण्यात कालवून पाजलं तर नायट्रेटमुळं बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये, बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यावं. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नसतो. तान्ह्या बाळाला आईचंच दूध द्यावं, या सल्ल्यामागं हेही एक कारण आहे.

पुष्कळ जण विचारतात, पाणी उकळलं तर चालेल का? नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट वाफ उडून पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतं. तुरटी आणि जंतुनाशक पावडर, दोन्ही आपापल्या जागी चांगल्या, पण नायट्रेटवर त्यांचा इलाज नाही. कापडातून गाळूनही उपयोग नाही. अशा वेळी बाळासाठी दुसऱ्या, तपासलेल्या उद्भवाचं पाणी आणावं.

हा प्रश्न आपल्या एका जिल्ह्याचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या अहवालात देशात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होतं. जास्त नायट्रेट असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आपल्या शेजारचा बीड जिल्हाही होता.

नदीचं आणि धरणाचं काय होतं?

माती आणि स्फुरद धरणात पोचलं की तिथं शेवाळ आणि जलपर्णी यांना खत मिळतं. आपल्या पिकाला जे पोसतं तेच त्यांनाही पोसतं. पाणी हिरवं होतं. पुढं हे शेवाळ मरून कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. मग मासे मरतात आणि पाण्याला वास येतो. भीमेवरच्या उजनीचं हिरवं पाणी कर्जत तालुक्यातल्या नदीकाठच्या लोकांनी पाहिलेलं आहे. तिथं पुण्याकडच्या शहरांचं सांडपाणी हे मोठं कारण आहे आणि त्यात शेतातून येणाऱ्या खताची भर पडते. अमेरिकेत मिसिसिपी नदीनं वाहून नेलेल्या खतामुळं मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटर पाण्यात माशांना जगता येत नाही. तिथली शेती समुद्रापासून शेकडो कोसांवर आहे, तरी हे घडतं.

नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जायकवाडीला पाणी किती सोडायचं यावरून दर टंचाईच्या वर्षी वाद होतो. पाणी किती गेलं हे आपण मोजतो. ते कसं गेलं, हेही बघायला हवं. नाथसागराचं पाणी छत्रपती संभाजीनगर शहराला पिण्यासाठी जातं. खालची माणसं आपलं उरलेलं पाणी पितात, तसं आपणही आपल्या वरच्या गावाचं उरलेलं पाणी पितो.

काय करावे?

१. आधी माती तपासा. दर दोन-तीन वर्षांनी माती परीक्षण करून घ्यावे आणि त्याप्रमाणे खताचे माप ठरवावे. शेजाऱ्याने किती टाकले, हे माप नव्हे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशी पिकाप्रमाणे ठरलेल्या आहेत, त्या विचारून घ्याव्यात.

२. नत्र एकदम देऊ नये, हप्त्याने द्यावे. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातले १० टक्के लागणीच्या वेळी, ४० टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, १० टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेले ४० टक्के मोठ्या बांधणीला द्यावे. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र पुरते. निम्मे लागणीला द्यावे आणि निम्मे दोन हप्त्यांत, एक महिन्याने आणि दीड महिन्याने. साठ दिवसांनंतर कांद्याला युरिया देऊ नये. तो कांदा पोसत नाही, टिकाऊपणा मात्र घालवतो.

३. आधी पाणी, मग वापसा, मग खत. युरिया फेकून वर पाणी सोडण्याची सवय मोडावी. पाणी देऊन रान वापशावर आले की खत टाकून मातीत झाकावे. उघडे ठेवले तर आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो. खोडवा उसाला पहारीने खत देण्याची पद्धत उत्तम आहे. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक घेऊन त्यात खत घालावे आणि मातीने बुजवावे. जिरायतीत दोन चाड्याच्या पाभरीने बियाण्याबरोबरच खत पेरावे, म्हणजे ते मातीखाली पडते आणि सरीबरोबर वाहून जात नाही.

४. आभाळ भरून आले असेल तर हात आखडावा. मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकलेले खत ओढ्यात टाकल्यासारखेच आहे.

५. पाणी मोजून द्यावे. ठिबक असेल तर खत ठिबकातून, थोडे थोडे आणि वेळोवेळी द्यावे. ठिबक नसेल तर सऱ्या आखूड ठेवाव्यात, रान सपाट करावे आणि दारं धरताना पाणी शेवटापर्यंत पोचले की बारे मोडावे.

६. विहिरीच्या पाण्यातले खत हिशेबात धरा. ही गोष्ट फार थोडे जण करतात. तपासणीत विहिरीच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट निघाले, असे समजा. गव्हाला पाच-सहा पाळ्यांत मिळून ४० सेंटिमीटर पाणी दिले, तर त्या पाण्याबरोबरच एकरी सुमारे १६ किलो नत्र रानाला मिळते. हे पाऊण गोणीहून थोड्या जास्त युरियाइतके झाले. नायट्रेट दुप्पट निघाले तर नत्रही दुप्पट. कृषी तज्ज्ञाला तपासणीचा कागद दाखवून तेवढा युरिया कमी करावा. पैसे वाचतील आणि पिकाने उचललेले नायट्रेट विहिरीतून कमीही होईल.

७. पाचट जाळू नये. खोडव्यात पाचट सरीत दाबले तर ओल टिकते, पाळ्या कमी लागतात, माती झाकलेली राहते. पाचट कुजताना जिवाणू मातीतले मोकळे नत्र धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू पिकाला देतात.

८. फेरपालट करावी. उसावर ऊस न घेता मध्ये हरभरा, भुईमूग यांसारखे पीक किंवा ताग, धैंचा यांसारखे हिरवळीचे खत घ्यावे. रान फार दिवस मोकळे ठेवू नये.

९. उताराला आडवी मशागत करावी आणि बांध नीट ठेवावेत. ओढ्याच्या काठापर्यंत नांगर नेऊ नये. काठाला दहा-पंधरा फुटांचा पट्टा गवताला सोडावा. पवना, मारवेल किंवा खस लावावे. गवत वाहत्या पाण्याचा वेग मोडते, माती खाली बसते आणि तिच्याबरोबरचे स्फुरदही तिथेच राहते. एवढी जमीन वाया गेली असे कोणी म्हणेल, पण त्यावर जनावरांना चारा होतो.

१०. उकिरडा आणि शौचखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि विहिरीच्या खालच्या अंगाला असावा. शेणखताच्या खड्ड्याचा तळ चोपून घट्ट करावा, कडेने बांध घालावा आणि पावसाळ्यात वरून झाकावे. गोठ्याचे पाणी परसातल्या झाडांना किंवा गवताच्या वाफ्याला द्यावे.

११. विहीर पुनर्भरण करताना सावध राहावे. खत टाकलेल्या वावरातले पाणी चरातून सरळ विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडू नये. गाळाची टाकी आणि वाळू-खडीचा गाळ-खड्डा यांनी माती अडते, नायट्रेट अडत नाही. छपराचे किंवा गवताळ माळाचे पाणी पुनर्भरणाला चांगले.

१२. फवारणीचा पंप, औषधाचे डबे आणि खताच्या गोण्या कालव्यात, ओढ्यात किंवा विहिरीवर धुऊ नयेत.

गावाने मिळून करायचे काम

एकट्याने आपले वावर सांभाळले तरी फायदा होतोच. पण पाणी गावाच्या शिवेवर थांबत नाही, म्हणून वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसल्याशिवाय हा प्रश्न पुरता सुटत नाही. आपल्या जिल्ह्यात याची उदाहरणे आहेत. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९७५ नंतर पाणलोटाची कामे उभी राहिली. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात १९८९-९० पासून, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले. गावाने चराई आणि कुऱ्हाड बंद केली. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि उसासारखे जास्त पाण्याचे पीक घ्यायचे नाही, असेही ठरवले. २००४ पासून तिथे दर वर्षी पावसाचा आणि भूजलाचा ताळेबंद मांडून पिके ठरवतात.

ही गावे आपण पाण्याच्या साठ्यासाठी ओळखतो. पण त्याच कामांचा पाण्याच्या गुणाशीही संबंध आहे. डोंगर गवताने झाकला की माती जागेवर राहते. पिकाला मोजके पाणी दिले की खत मुळांच्या खाली उतरत नाही. पाणी अडवण्याची कामे करणाऱ्या प्रत्येक गावाने ताळेबंदात आता एक रकाना आणखी घालावा: गावात किती युरिया आला आणि विहिरींत किती नायट्रेट निघाले. हे दोन आकडे ग्रामसभेत शेजारी शेजारी वाचून दाखवले तर पुष्कळ उलगडा होईल.

पाणी कसे तपासावे?

वर्षातून दोनदा पाणी तपासावे. एकदा मे महिन्यात, रोहिणी लागण्याआधी आणि एकदा पावसाळा सरल्यावर, हस्ताचा पाऊस होऊन गेल्यावर. स्वच्छ प्लॅस्टिकची लिटरभराची बाटली घ्यावी. खताची किंवा औषधाची बाटली कधीही वापरू नये. पंप पाच-दहा मिनिटे चालू द्यावा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळावी, काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे. बाटलीवर गाव, विहिरीचा गट नंबर आणि तारीख लिहावी आणि नमुना शक्य तर त्याच दिवशी पोचवावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी होते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारले तर तो वाट सांगेल.

अहवाल आला की नायट्रेटच्या ओळीवर बोट ठेवावे. ४५ च्या आत असेल तर ठीक. ४५ च्या वर असेल तर तान्ह्या बाळासाठी ते पाणी लगेच बंद करावे, गावच्या आरोग्य केंद्राला आणि ग्रामपंचायतीला कळवावे आणि विहिरीच्या वरच्या अंगाला काय काय आहे, ते फिरून पाहावे. बहुतेक वेळा कारण दोनशे-तीनशे पावलांत सापडते.

एका हंगामात पाणी सुधारेल, अशी आशा धरू नये. मातीत आणि मुरमात साठलेले नायट्रेट पुढची काही वर्षे हळूहळू उतरत राहते. म्हणून तपासणीचे कागद जपून ठेवावेत आणि दर वर्षीचा आकडा मागच्या आकड्याशी ताडून पाहावा.

येत्या हंगामात निदान तीन गोष्टी करून पाहा. घरच्या विहिरीचं पाणी एकदा तपासा. युरियाचा एक तरी हप्ता पाण्याआधी न देता वापशावर, मातीखाली द्या. आणि पावसाळ्याआधी उकिरड्याची जागा बघून घ्या. अनुभव काय आला, ते कार्यक्रमाला पत्राने जरूर कळवा. पत्रात विहिरीची खोली, पीक, दिलेलं खत आणि तपासणीचा आकडा एवढं लिहिलंत, तर त्याचा उपयोग इतर ऐकणाऱ्यांनाही होईल.